चार बेटं आणि परभणी

परभणीहून निघाले तेव्हा माझ्याकडे एकच काम दिलेलं होतं: फोटो आणायचा. माझा भाचा विशाल न्यूझीलंडमध्ये महाराष्ट्राकडून क्रिकेट खेळतो, ही बातमी मीच गावभर केली होती. खरं पाहिलं तर तिथल्या मराठी मंडळींनी हौसेनं एक संघ काढला होता, त्याचं नाव 'महाराष्ट्र इलेव्हन' ठेवलं होतं, आणि विशाल त्यात ऑफस्पिन टाकत होता. पण 'महाराष्ट्राकडून' हा शब्द एकदा तोंडातून गेला की परत कोण घेतो? मुख्याध्यापकांनी शाळेच्या दर्शनी फलकावर जागासुद्धा मोकळी करून ठेवली. महाराष्ट्राचा टीशर्ट घालून चेंडू टाकणारा विशाल तिथं लागणार होता.

त्या शाळेत मी जन्मभर शारीरिक शिक्षण शिकवलं. विशालच्या हातात पहिला चेंडू मीच दिला. तरुणपणी मीही बरी गोलंदाजी करायचे. एकदा निवड चाचणीला पुण्याला गेले, तर टेबलामागच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "परभणी? म्हणजे नक्की कुठं आलं?" मी सांगत बसले आणि तेवढ्यात पुढच्या मुलीचा नंबर लागला. तो प्रश्न आजही माझ्या डोक्यात जातो. त्यामुळे या फोटोची घाई मुख्याध्यापकांपेक्षा मला जास्त होती.

ऑकलंडच्या विमानतळावर पहिली खोट निघाली. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, सगळं मी प्रामाणिकपणे जाहीर केलं होतं. त्यावर कुणी हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती चेंडूवर. शाळेच्या मैदानावरचा एक जुना लाल चेंडू मी विशालसाठी नेला होता आणि त्याच्या शिवणीत माती होती. त्या देशात बाहेरची माती चालत नाही. हातमोजे घातलेली एक पोरगेलीशी अधिकारी "किया ओरा" (माओरी नमस्कार) म्हणत आली, चेंडू आत घेऊन गेली, ब्रशनं शिवण घासून काढली आणि ओला चेंडू पिशवीत घालून परत दिला. वागणं अगदी सभ्य. परभणीची काळी माती तेवढी त्यांनी ठेवून घेतली.

विशाल मला तिथून थेट सँडरिंगहॅमला घेऊन गेला. तो शिकायला आला तेव्हा आधी याच भागात राहायचा. एका रस्त्यावर वाण्याची दुकानं, मिठाईवाले, खानावळी, आणि गाड्या लावायला जागा नाही म्हणून एकमेकांवर डोळे वटारणारे आपलेच लोक. ज्वारीचं पीठ घेतलं तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका मराठी बाईंनी आमचं बोलणं ऐकून कौतुकानं विचारलं, पुण्याचे का? विशाल म्हणाला, "हो, त्याच बाजूचे."

गाडीत बसल्यावर मी त्याला धरलं. परभणी पुण्याच्या बाजूला कधी सरकली, म्हटलं.

"आत्या, इथं दोनच गावं आहेत. पुणं आणि मुंबई," तो गाडी चालू करत म्हणाला. "बाकी सगळे त्या बाजूचे. समजावत बसायला कुणाला टाइम आहे?"

मला टाइम होता, पण मी प्रवासानं थकले होते. हॅमिल्टनच्या वाटेवर चढ लागतो, आणि त्या चढावर चक्क 'बॉम्बे' नावाचं गाव आहे. पाटी बघून मला हसू फुटलं. इतका समुद्र ओलांडून आले तरी मुंबई आडवी आलीच. चढ उतरला की मग वायकाटो नदी रस्त्याची सोबत करते. दोन्हीकडे हिरवीगार कुरणं आणि त्यात गाई. माणूस म्हणून दिसत नाही. आमच्याकडे पाण्याचा टँकर कधी येतो म्हणून माणसं रस्त्याकडे बघतात. इथं दुधाचे टँकर एकामागून एक चालले होते आणि त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. एवढं हिरवं बघून सुख व्हायला हवं होतं. मला मात्र रागच आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

विशाल हॅमिल्टनच्या 'ते रापा' नावाच्या भागाजवळ राहतो. एका बाजूला मोठाली दुकानं, दुसऱ्या बाजूला कारखाने, त्यात दुधाचा कारखाना. तो तिथल्या एका टायरच्या दुकानात काम करतो. शिकला हॉटेल व्यवस्थापन, आणि बसवतो टायर. घरी सांगताना आम्ही 'ऑटोमोबाइल क्षेत्रात' म्हणतो. सकाळी तो कामावर गेला की मी कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत (तिकडे किराणा दुकानाला डेअरी म्हणतात) फिरून यायचे. तिसऱ्या की चौथ्या सकाळी शेजारच्या कुंपणावरून एका उंच, काळ्या, पिकल्या केसांच्या माणसानं मला हाक मारली. मी हातात तो परभणीचा चेंडू घोळवत चालले होते. त्यानं हात पुढे केला, मी चेंडू दिला, आणि त्यानं तो बोटांत असा धरला की हा माणूस क्रिकेटचा आहे हे मी तिथंच ओळखलं.

त्याचं नाव लेस्टर. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरचा. तरुणपणी इथल्या एका क्लबानं खेळायला बोलावलं, इथल्या माओरी मुलीशी लग्न केलं आणि राहिला. दुधाचा टँकर चालवून आता निवृत्तीला आलेला. ऑकलंड आणि हॅमिल्टनमध्ये विखुरलेल्या वेस्ट इंडियन माणसांचा 'आयलँडर्स' नावाचा संघ तोच सांभाळायचा. जी हौशी स्पर्धा विशालचा संघ खेळत होता, तीच हेही खेळत होते.

दुपारी मी धपाटे घेऊन त्याच्या ओट्यावर जाऊ लागले. माझं इंग्रजी मास्तरणीचं, त्याचं गाण्यासारखं हेलकावे घेणारं. दोघांनाही एकमेकांचं निम्मं कळायचं आणि निम्मं पुन्हा विचारावं लागायचं. तो विंडवर्ड बेटांच्या संघाकडून खेळला होता. हे नाव मी कधीतरी वाचलं होतं, पण हा संघ म्हणजे कोण हे मला ठाऊक नव्हतं. वेस्ट इंडीज म्हणजे एक देश, असंच आपण लहानपणापासून धरून चालतो. देश नाहीच तो. बार्बाडोस, त्रिनिदाद, जमैका आणि गयाना ही त्यातली मोठी घरं, आणि प्रत्येकाचा स्वतःचा संघ. उरली ती चिल्लीपिल्ली बेटं. ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट, सेंट लुशिया आणि डॉमिनिका ही चार मिळून एक संघ, तो विंडवर्ड. आज चार देश आहेत ते, चार झेंडे, चार राष्ट्रगीतं. मैदानावर उतरताना मात्र टोपी एक.

त्याआधी तर लीवर्ड नावाच्या दुसऱ्या झुबक्यातली बेटंही यांच्यातच होती. सगळ्या लहान बेटांचा मिळून एक संघ, आणि मोठ्यांच्या स्पर्धेत त्यानं बरीच वर्षं मार खाल्ला. मग एका वर्षी तोच संघ पहिला आला. लेस्टर त्यात नवखा होता, पाणी नेणारा बारावा गडी. घरोघरी दिवे लावावेत असा तो विजय. मी विचारलं, मग पुढच्या वर्षी? लेस्टर म्हणाला, "पुढच्या वर्षी तो संघच नव्हता. लीवर्ड वेगळे, विंडवर्ड वेगळे. आम्ही जिंकलो आणि फुटलो."

त्यात चांगलं काय आणि वाईट काय, हे त्यानंच मला समजावून सांगितलं. दोन संघ झाले म्हणून जास्त मुलांना खेळायला मिळालं. त्यालाही तेव्हाच जागा मिळाली. पण विंडवर्डच्या कपडे बदलायच्या खोलीत चार कोपरे होते आणि प्रत्येक कोपऱ्यात एक बेट बसायचं. सेंट लुशिया आणि डॉमिनिकाची पोरं आपसात पत्वा (फ्रेंचमधून झालेली त्यांची बोली) बोलायची. ती कळत नसली की यांना वाटायचं आपल्यालाच शिव्या देतात. संघ जाहीर झाला की चारातली तीन बेटं रुसलेली. ज्या बेटावर सामना, तिथला एखादा पोरगा आत घ्यायचा, म्हणजे तिथले लोक बघायला येतात. मग दुसऱ्या बेटाचा एखादा बाहेर. कितीदा तो बाहेरचा लेस्टरच असायचा.

"मोठी बेटं आम्हाला लहान म्हणायची," तो म्हणाला. "आणि आम्ही आपसात मोजायचो, सगळ्यात लहान कोण."

वेस्ट इंडीजच्या मोठ्या संघाचं दार या लहान बेटांना फार उशिरा उघडलं, हे त्यानं सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. ती माझ्या पोटात होती. २०१७चा तो डिसेंबर. वेस्ट इंडीजचा संघ हॅमिल्टनला कसोटी हरून नुकताच गेला होता आणि लेस्टर ती बघायला गेला होता. मी विचारलं, कशी झाली? तो म्हणाला, धावफलक त्याला आठवत नाही. प्रत्येक खेळाडू कुठल्या बेटाचा, तेवढंच तो बघत बसला होता. मला त्याचं हसू आलं नाही. वर्तमानपत्रात संघ छापून आला की मीही आधी गावं शोधते.

एका संध्याकाळी विशाल मागच्या अंगणात मला चेंडू टाकून दाखवत होता. तीच जुनी खोड. ऑफस्पिन टाकताना पहिलं बोट चेंडूवरून वळवावं लागतं; याचं बोट सुटताना ताठच राहतं, म्हणून चेंडू फारसा वळत नाही, सरळ जातो. लहानपणी यावरून मी त्याला किती बोलले असेन. कुंपणापलीकडून लेस्टरनंही बरोबर तेच हेरलं आणि वर म्हणाला की वळेल असं समजून खेळणारे त्या सरळ चेंडूवरच फसतात. त्या हंगामात विशालनं खरोखरच भरपूर गडी बाद केले होते. त्याच्यामुळे संघ अंतिम सामन्यात पोचला, असं तो म्हणाला नाही, लेस्टर म्हणाला. समोर आयलँडर्सच होते.

अंतिम सामन्याच्या आधल्या दिवशी कर्णधाराच्या घरी जेवण होतं. कर्णधार केदार, मूळचा पुण्याचा, आयटीतला. माणूस वाईट नाही. मला वाकून नमस्कार केला, बायकोनं आग्रह करकरून मिसळ वाढली, त्याची मुलगी मराठी सगळं समजून इंग्रजीत उत्तरं देत होती. जेवणं झाल्यावर केदारनं विशालच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा मेहुणा पुण्याहून सुट्टीला आला होता. तिथं चांगल्या क्लबात खेळलेला. बिचारा चारच दिवस आहे.

"तर उद्या तू जरा अॅडजस्ट कर ना," केदार म्हणाला. "तू काय आपला घरचाच आहेस. आणि अंपायरिंगला मला तूच लागतोस, रूल्स तुला सगळ्यात बेस्ट माहितीयेत."

"स्वीट अॅज," विशाल म्हणाला. त्या देशात 'काही हरकत नाही' असं म्हणायचं झालं की हे म्हणतात.  परतताना गाडीत मी विचारलं, "कामून बोलला नाहीस?" तो म्हणाला, काय बोलू? संघ सुटला तर शनिवार-रविवार जायचं कुठं?  परदेशात एकटं पडणं काय असतं ते मला कुठं माहीत होतं? मी आपली पाहुणी.

सामना न्यू लिनच्या जवळच्या एका मैदानावर झाला. ऑकलंडचा वारा असा की टोपी धरावी की पदर हे ठरवेपर्यंत दोन्ही उडतात. आयलँडर्सनी आधी फलंदाजी केली. पुण्याच्या मेहुण्याचे चेंडू त्यांनी कुंपणापलीकडच्या गाड्यांवर भिरकावले, आणि सीमारेषेवर पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलेला विशाल प्रत्येक वेळी तो चेंडू शोधायला धावला. माझ्या मोबाइलमध्ये सकाळपासून एकही फोटो नव्हता. बाटल्या वाहणारा विशाल शाळेच्या फलकावर कसा लावणार?

मग महाराष्ट्राची फलंदाजी. या हौशी स्पर्धेत पगारी पंच नसतात. जो संघ फलंदाजी करतो, त्याच संघातली दोन माणसं पंच म्हणून उभी राहतात. त्यात एक अलिखित रीत आहे, ती मला शेजारी बसलेल्या केदारच्या बायकोनं सहज सांगितली: त्रिफळा, झेल, धावचीत हे डोळ्यांना दिसतं म्हणून द्यावंच लागतं, पण आपल्या माणसाला पायचीत कुणीच देत नाही. समोरचेही देत नाहीत. सगळ्यांना चालतं. विशाल टीशर्टवर ढगळ पांढरा कोट चढवून उभा राहिला. छातीवरचं 'महाराष्ट्र' कोटाखाली गेलं.

केदार छान खेळला. मी त्याच्यावर चिडलेली असूनही हे कबूल करते. शेवटी अशी वेळ आली की तो उभा राहिला तर सामना आमचा. आयलँडर्सचा एक ठेंगणा गोलंदाज विशालच्या बाजूनं आला, चेंडू खाली राहिला आणि केदारच्या पॅडवर आदळला, मधल्या यष्टीच्या ऐन समोर. गोलंदाजानं अपील केलं तेसुद्धा सवयीनं, अर्ध्या आवाजात. तो वळून परत चालूही लागला होता. त्यालाही रीत माहीत होती.

विशालनं बोट वर केलं.

मी फोटो काढला. का काढला ते सांगता येत नाही. हात आपोआप वर गेला. केदार बराच वेळ खेळपट्टीवरच उभा होता. नंतर आलेले तिघे भराभर गेले आणि महाराष्ट्र हरला.

गाड्यांपाशी केदार विशालजवळ आला. आवाज चढवला नाही. तुला काय गरज होती, एवढंच विचारलं.

"समोर लागला होता, दादा. मिडलच्या."

"ते मला पण माहितीये," केदार म्हणाला. "पण तू आमचा आहेस ना?"

विशालनं कोट काढून घडी केला आणि त्याच्या हातात दिला. मेहुणा दुसऱ्याच कुणाला तरी विचारत होता, हा मूळचा कुठला म्हणे? उत्तर मला ऐकू आलं: परभणी का बीड, असंच काहीतरी.

लेस्टर आला आणि विशालचा हात हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. माझा तोल तिथं सुटला. मी म्हटलं, नुसता हात काय धरतोस, तुमच्या संघात घे त्याला. त्यानं वळून बघितलं. मागे त्याची माणसं करंडकाभोवती उभी होती आणि तिथं काहीतरी तापलं होतं. करंडक यंदा कुणाच्या घरी राहणार यावर बार्बाडोसवाला आणि सेंट लुशियावाला भांडत होते. ग्रेनाडाचे दोघे आपल्याला संघात नीट खेळवलंच नाही म्हणून आधीच गाडीत जाऊन बसले होते.

"माझ्या हातात असतं तर आजच घेतला असता," लेस्टर म्हणाला. "पण हा संघ आमच्या माणसांचा आहे. आमचीच पोरं बाहेर बसलीत. त्यांना काय सांगू?"

खरं बोलला. खोटी आशा लावली असती तर मला त्याचा जास्त राग आला असता. तरी आला तो आलाच. जन्मभर बाहेर बसलेला माणूस, आणि त्याच्याकडेही आत घ्यायला जागा नव्हती. जिंकलेले आणि हरलेले दोन्ही संघ त्या संध्याकाळी फुटलेच होते. फरक एवढाच की एकाकडे करंडक होता.

परतताना बॉम्बेचा चढ आला तेव्हा विशालचा फोन वाजला. मी बघून सांगते म्हटलं. संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून त्याला काढलं होतं. ते मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "स्वीट अॅज," आणि पुढची गाडी ओलांडून गेला.

उरलेले दिवस आम्ही शनिवार-रविवार घरीच काढले. समुद्र बघायला चल म्हणायचा, मी नको म्हणायचे. लेस्टरच्या ओट्यावरही गेले नाही. शेवटच्या दिवशी मात्र परभणीचा तो धुतलेला चेंडू नेऊन त्याच्या हातात ठेवला. विशालला आता तो कुठं लागणार होता? लेस्टरनं तो दोन बोटांत धरला आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

विमानतळावर जाताना सँडरिंगहॅमला थांबलो, घरी न्यायला थोडं सामान घ्यायचं होतं. गल्ल्यावरच्या तरुणानं मराठी ऐकून हसून विचारलं, पुण्याचे का तुम्ही?

"नाही," विशाल म्हणाला. "परभणीचा."

त्या तरुणानं विचारलं, ते नक्की कुठं आलं? आणि विशालनं त्याला सांगितलं. नांदेडच्या अलीकडे, जालन्याच्या पलीकडे, मराठवाड्यात, काळ्या जमिनीचा मुलूख. मागे रांग लागली होती, गाड्या वाजत होत्या, तरी तो सावकाश सगळं सांगत राहिला. मी पिशवी धरून उभी होते आणि मला रडू येत होतं. आनंदाचं नव्हे. एवढं सांगायला त्याला संघ गमवावा लागला, याचं.

परभणीला पोचल्यावर मुख्याध्यापकांनी फोटो मागितला. माझ्याकडे एकच होता. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. महाराष्ट्र कुठं लिहिलंय? म्हटलं, कोटाखाली. चेंडू कुठंय? म्हटलं, टाकून झाला. बाद कुणाला देतोय, समोरच्या संघाच्या माणसाला? म्हटलं, नाही, स्वतःच्या कर्णधाराला. त्यांनी फोटो माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, बाई, खेळतानाचा एखादा मिळाला की सांगा, जागा आहे.

तो फोटो आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. कोटाच्या बाह्या लांब आहेत, त्यामुळे त्यात पंजा दिसत नाही, नुसतं बोट दिसतं. अगदी ताठ, कुठंही न वळलेलं. लहानपणी याच बोटावरून मी त्याला इतकं रागवायचे.